प्रार्थनेचा विषय

बुधवारी दुपारी तीनला आमच्या ख्रिस्ती मंडळीतल्या बायका कुणाच्या तरी घरी जमतात. आटपाडीत आमची घरं मोजकीच, तेवीस-चोवीस. त्यातल्या दहा-बाराजणी येतात. एक गीत होतं, थोडं शास्त्रवाचन होतं, आणि मग लीलाबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, चष्मा पदराला पुसत विचारतात, "कुणाचा काय विषय?"

विषय म्हणजे प्रार्थनेचे विषय. कुणाची गुडघेदुखी, कुणाच्या बोअरचं पाणी, कुणाच्या भाच्याची सैन्यातली भरती. एकेक विषय एकेकीला वाटून दिला जातो, आणि डोळे मिटून ज्या त्या बाईने आपला विषय मोठ्याने देवापुढे मांडायचा. बाकीच्यांनी आमेन म्हणायचं.

मी साताऱ्याची. माझे वडील खेडोपाडी फिरून वचन, म्हणजे प्रभूची सुवार्ता, सांगायचे, म्हणून त्यांनी माझं नाव सुवार्ता ठेवलं. मोठ्याने प्रार्थना करायला मी त्यांच्याकडूनच शिकले. लग्न होऊन इथे आल्यावर पहिल्याच बुधवारी माझी प्रार्थना ऐकून दोघींनी डोळे पुसले होते, आणि तेव्हापासून अवघड विषय माझ्याकडे यायला लागले. मला ते आवडायचं. खोटं कशाला बोलू?

पुढच्या गल्लीत विजयमाला मावशी राहतात. मिरजेच्या एका दवाखान्यात तीस वर्षं नर्स होत्या. माझी आई मी कॉलेजात असतानाच गेली, त्यामुळे माझ्या लेकीच्या, रिबेकाच्या, बाळंतपणाला माहेर असं नव्हतंच. मावशी न बोलावता आल्या. न्हाणीघरात पाटावर पाय लांब करून बसायच्या, रिबूला नडग्यांवर पालथी घालायच्या आणि तेलाचा हात असा फिरवायच्या की रडतारडता ती गप्प व्हायची आणि नुसती हुंकार देत राहायची. सव्वा महिना झाला तरी त्या यायच्या राहिल्या नाहीत. अडीच महिने रोज सकाळी नऊ वाजता दारातून आवाज यायचा, "पाणी तापलंय का गं?"

अशाच एका सकाळी, रिबूचे कान पुसता पुसता, त्या म्हणाल्या की अंकिता पुण्याहून आलीय. अंकिता त्यांची एकुलती एक मुलगी, लग्नाला सहा वर्षं झालेली. दोन बॅगा घेऊन आली होती आणि परत जाणार नाही म्हणत होती. मी विचारलं, का? मावशींनी रिबूला टॉवेलात गुंडाळलं. मग माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "कुणाला बोलू नगं. प्रार्थना कर फकस्त."

मी कुणालाच बोलले नाही. नवऱ्यालासुद्धा नाही. मी प्रार्थना केली, आणि सगळं बिघडलं ते तिथेच.

त्या बुधवारी बैठक आमच्याच घरी होती. रिबू रात्रभर जागली होती आणि आता माझ्या मांडीवर झोपली होती. माझ्याही पापण्या जड झालेल्या. मावशींनी स्वतःचा विषय पाठदुखीचा दिला होता, दुसरं काही नाही. लीलाबाईंनी वाटणी केली, "मंडळीतल्या लेकीबाळींसाठी सुवार्ता करंल." मी डोळे मिटले आणि सुरू झाले. शिकणाऱ्या मुलींसाठी झालं, नोकरी शोधणाऱ्यांसाठी झालं. शब्द आपोआप येत होते, नेहमीसारखे, एकाला एक लागून. आणि त्याच ओघात माझ्या तोंडून गेलं: "आणि आमच्या अंकिताताईला, प्रभू, जी घर सोडून आली आहे, तिचा मोडलेला संसार पुन्हा उभा कर. तिला तिच्या घरी परत ने."

आमेन नेहमीपेक्षा जोरात आलं. त्या आवाजानेच मी जागी झाल्यासारखी झाले. डोळे उघडले तर समोर मावशी. त्यांचे डोळे आधीपासूनच उघडे होते. चहा आला, त्यांनी अर्धा कप घेतला, कप बशीवर नीट ठेवला आणि त्या गेल्या.

संध्याकाळपर्यंत दोघीजणी अंकिताताईला धीर द्यायला मावशींच्या घरी जाऊन आल्या. एकीने तिच्यासाठी तीन दिवसांचा उपास धरल्याचं तिलाच सांगितलं. दुसरीने विचारलं की नवरा पितो का. कुणाच्या मनात वाईट नव्हतं. तिसऱ्या दिवशी अंकिताताई बॅगा घेऊन कडेगावला तिच्या मामीकडे निघून गेली.

त्या बुधवारच्या दुसऱ्याच सकाळी नऊ वाजले, साडेनऊ वाजले. मी पाणी दोनदा तापवलं. शेवटी रिबूला मीच अंघोळ घातली, भीतभीत, साबणाने निसटेल म्हणून दंड घट्ट धरून. ती सगळा वेळ रडली. लीलाबाई दारात उभ्या राहून बघत होत्या. त्या मनाने वाईट नाहीत, पण जिभेला धार आहे. म्हणाल्या, "बापानं सुवार्ता नाव ठिवलं म्हणून सगळ्याच वार्ता पोचवायच्या व्हय गं?"

मी मावशींच्या घरी गेले. दार उघडलं, पण उंबऱ्यातच. मी काही बोलायच्या आत त्या म्हणाल्या, माझी पाठ धरलीय, अंघोळीला यायला जमणार नाही. त्यांनी मला 'अहोजाहो' केलं. "तुमी येऊ नका उन्हाचं, लेकरू घेऊन." कुणी शिव्या दिल्या असत्या तरी एवढं लागलं नसतं.

महिन्याच्या पहिल्या रविवारी आमच्याकडे प्रभुभोजन असतं, येशूच्या आठवणीत भाकर आणि प्याला घ्यायचा विधी. पाळकसाहेब, म्हणजे आमचे धर्मगुरू, सांगलीहून येतात. प्याल्यासाठी आम्ही बेदाण्यांचा रस वापरतो. शनिवारी सकाळी बेदाणे भिजत घालायचे, रविवारी पहाटे कुस्करून पांढऱ्या फडक्यातून गाळायचे. वीस वर्षं हे काम मावशींच्या हातचं होतं. त्या महिन्यात त्यांनी हात दुखतो म्हणून निरोप पाठवला. लीलाबाईंनी दुकानातून द्राक्षाच्या सरबताची बाटली आणली. इतकं गोड की एका म्हातारबाबांनी भर उपासनेत दुसऱ्यांदा प्याला पुढे केला.

पाळकसाहेबांनी नेहमीची सूचना केली की ज्याचं कुणाशी वाकडं असेल त्याने आधी ते सरळ करावं आणि मग पुढे यावं. दर महिन्याला ही सूचना होते आणि दर महिन्याला सगळे पुढे जातात. त्या दिवशी मावशी बाकावरून उठल्या नाहीत. मग मीही उठले नाही. चाळीस माणसांच्या चर्चमध्ये दोन बायका बसून राहिल्या तर ते छपरावरच्या कबुतरांनाही कळतं.

उपासनेनंतर पाळकसाहेब आमच्याकडे जेवायला होते. भाकरी मोडता मोडता त्यांनी मार्ग सुचवला. पुढच्या महिन्यात मी मंडळीसमोर उभं राहून साक्ष द्यावी, काय घडलं ते सांगावं आणि सगळ्यांसमोर माफी मागावी. म्हणजे मंडळीलाही धडा मिळेल, विजयमालाबाईंचाही मान राहील. विश्वजितला, माझ्या नवऱ्याला, ते पटलं. मलाही आधी पटलं. वाढता वाढता मी मनात वाक्यं जुळवायलाच लागले होते. चांगली येत होती वाक्यं. एका वाक्याला तर माझंच मन भरून आलं, आणि तिथे मी थांबले.

"साहेब, मला नाही जमणार," मी म्हणाले.

त्यांना वाटलं मी लाजतेय. नम्र होण्यात लाज कसली, असं ते प्रेमाने म्हणाले.

"लाज नाही. काय घडलं ते सांगायचं म्हणजे परत अंकिताताईचंच नाव घ्यायचं. बारा बायकांना कळलं होतं, आता चाळीस माणसांना कळेल. आणि रडतील सगळे माझ्यासाठी."

पाळकसाहेबांनी घास खाली ठेवला. म्हणाले, मग काय करशील? लीलाबाईच बोलल्या. म्हणाल्या, जिची गोष्ट तिच्याकडं जायला नगं का आधी?

मला धीर यायला अजून तीन आठवडे लागले. गुरुवारी विश्वजितने मला स्टँडवर सोडलं. विट्याला गाडी बदलून मी रिबूला घेऊन कडेगावला उतरले. आमच्याकडची कुसळं आणि बाभळी मागे राहिल्या होत्या. इथे दोन्ही बाजूंना ऊस. अंकिताताईच्या मामीचं घर उसाच्या कडेलाच. ताई अंगणात वाळवण राखत बसली होती, हातात वही. तिथल्या एका शाळेत तिने शिकवायला सुरुवात केली होती. मला बघून ती उठली नाही, पण पोरीला ऊन लागेल म्हणाली आणि स्वतः सरकून सावलीत जागा केली.

गाडीत मी पाठ केलेलं सगळं विसरले. म्हणाले, माझं चुकलं. मावशींनी विश्वासाने सांगितलेलं मी चारचौघींत बोलले.

"चारचौघींत नाही, देवापुढं बोललीस," ती म्हणाली. आवाजात चिडका सूर नव्हता, नुसता कोरडा होता. "माझा राग त्याचा नाही. तो आईचा. माझा वेगळा आहे."

तिने वही मिटून बाजूला ठेवली.

"मला माझ्या घरी परत ने, असं सांगितलंस ना तू देवाला? माझं घर कुठलं ते तू कसं ठरवलंस? मी का आले ते विचारलंस तरी का कुणाला?"

नव्हतं विचारलं. म्हणजे मावशींना एकदा विचारलं होतं, पण उत्तराची वाट न बघता मी मागणं ठरवून टाकलं होतं. बायको माहेरी आली की मागायचं काय, हे मला आधीपासून पाठ होतं. मी तिला तसंच सांगितलं. आत्ताही विचारणार नाही, असं म्हणाले. तुम्हाला सांगावंसं वाटलं तर ऐकेन.

"नाही वाटत," ती म्हणाली.

उसात पाणी सुटल्याचा आवाज येत होता. रिबू नुकतीच पालथी पडायला शिकली होती. सतरंजीवर सोडली तर ती पालथी पडली, हात अंगाखाली अडकला आणि रागाने ओरडायला लागली. ताईने तिचा हात अलगद मोकळा केला. परत पालथी, परत हात अडकला. चौथ्यांदा ताई हसली. म्हणाली, हिला तरी कुठं कळतंय हात कुठं ठेवायचा ते.

निघताना तिने रिबूच्या टोपड्याची नाडी बांधली. तेवढीच एक गोष्ट बोलली ती. "आईला सांग... नको, तू काही सांगू नकोस कुणाला. मीच फोन करते."

"बरं," मी म्हणाले, आणि आम्ही दोघी हसलो.

शनिवारी सकाळी मी रिबूचं पाणी विसणत होते. दारातून आवाज आला, "पाणी तापलंय का गं?"

मावशी सरळ आत आल्या, पाटावर बसल्या, पाय लांब केले. मी रिबूला त्यांच्या नडग्यांवर ठेवलं. दोन महिन्यांत ती वाढली होती, पाय आता मावशींच्या पावलांपर्यंत पोचत होते. मावशींनी तेल चोळलं आणि रिबूने तो जुना हुंकार दिला.

"माझं चुकलं, मावशी," मी म्हणाले.

मला वाटलं होतं, त्या म्हणतील, असू दे. सगळे तेच म्हणतात. मावशी हात न थांबवता म्हणाल्या, "व्हय. चुकलंच तुझं." तेलाची वाटी जवळ ओढून म्हणाल्या, "लय लागलं मला. तुझ्याजागी दुसरी असती तर एवढं लागलं नसतं. आता मनात काय न्हाई. धर, तिचा पाय धर, निसटती बघ कशी."

मी पाय धरला. पाण्याच्या वाफेत आम्हा दोघींचे चेहरे ओले झाले होते, त्यामुळे कुणाला काही पुसावं लागलं नाही.

जाताना दारात थांबून त्या म्हणाल्या, "उद्या भोजन हाय. बेदाणं घातल्यात भिजत. गाळायला सकाळी सहाला ये. अन् त्या बाटलीतलं सरबत घरी पिऊन टाका म्हणावं सासूला."

रविवारी आम्ही दोघी पुढे गेलो. रस जरा आंबटसर झाला होता. त्या आठवड्यात अंकिताताई दोन दिवसांसाठी आली आणि परत कडेगावला गेली. कुणी काही विचारलं नाही. म्हणजे एकीने विचारायला तोंड उघडलं होतं, पण लीलाबाईंनी तिच्या हातात चहाचा ट्रे दिला.

बुधवारी बैठक मावशींच्या घरी होती. मी भिंतीशी बसले होते. त्या बुधवारनंतर मी मोठ्याने प्रार्थना केली नव्हती. विषय आला की बाळाचं निमित्त सांगून दुसरीकडे ढकलायचे. गुडघे झाले, भरती झाली, पाणी झालं. शेवटी लीलाबाईंनी विचारलं, "विजयमाला, तुमचा?"

"माझा हाय एक," मावशी म्हणाल्या. "मनातला."

बायका बघत राहिल्या. असा विषय आजवर कुणी दिला नव्हता. तो मोठ्याने मांडायचा कसा? कुणीतरी विचारलंच, काय ते थोडं तरी सांगा, म्हणजे प्रार्थना करायला बरं.

"देवाला ठाऊक हाय," मावशी म्हणाल्या. "सुवार्ता करंल."

सगळ्यांनी डोळे मिटले. मीही मिटले. रिबू माझ्या मांडीवर जागी होती, माझ्या मंगळसूत्राचे मणी चोखत. शब्द आले, सवयीने, एकाला एक लागून आले. मी ते येऊ दिले आणि जाऊ दिले. बाहेर कुणाच्या तरी मेंढरांच्या घंटा वाजत गेल्या. एक बाई खोकली. कुणीतरी हलली, बहुधा डोळा उघडून बघत असावी मी झोपले की काय. अंकिताताईचा चेहरा माझ्यासमोर होता, सावलीत सरकून जागा करणारा. मी तिच्यासाठी काहीच मागितलं नाही. नुसती तिच्याशेजारी बसून राहिले.

मग माझ्या गुडघ्यावर मावशींचा हात आला. तेलाचा वास होता त्याला.

"आमेन," मी म्हणाले.