रिकाम्या पोटी दिलेला इशारा

आमचे भावजी, म्हणजे माझ्या नवऱ्याचे धाकटे भाऊ, बांधकामावर क्रेन चालवतात आणि मी खाली उभी राहून त्यांना हाताने इशारे देते. घरातही मी सांगते आणि सगळे ऐकतात, असं नवरा म्हणतो. त्याच्याकडे कोण लक्ष देतंय.

गेल्या तपासणीत डॉक्टरांनी भावजींना तोंडावर सांगितलं, वजन उतरवा, नाहीतर केबिनमधून उतरा. ती उंचावरची केबिन म्हणजे त्यांचा जीव की प्राण. ते रोज सकाळी उपाशीपोटी पळायला लागले. वजन उतरलंच, वर मला म्हणायला लागले, "वहिनी, पळून आलं की डोकं कसं लख्ख होतं."

"उपाशी माणसाला चक्कर येते, अक्कल नाही," मी म्हटलं.

पण मला कुठे राहवतंय. भरपेट जेवल्यावर डोळ्यांवर झापड येते, हे माहीत होतं. मग भुकेने उलटं होत असेल का? मी साइटवरच्या नर्सबाईंना गाठलं. त्या म्हणाल्या, रात्रभर पोट रिकामं राहिलं की साठवलेली साखर कमी होत जाते, त्यात पळालं की शरीर चरबीला जास्त हात घालतं. आणि भूक नि पळणं दोन्ही मिळून अंगाला जागं करणारी रसायनं रक्तात सोडतात, म्हणून तरतरी वाटते. "पण तरतरी वाटणं वेगळं नि डोकं नीट चालणं वेगळं हो," त्या म्हणाल्या, "आणि एकाला मानवतं ते दुसऱ्याला मानवेलच असं नाही." हे मी कानाआड केलं. मला हवं ते मिळालं होतं.

मीही भावजींबरोबर पळायला लागले. सुरुवातीला पाय लटपटले, चिडचिड झाली; म्हणजे नेहमीपेक्षा जास्त झाली. मग एका सकाळी खरंच डोक्यातलं मळभ गेलं. प्रत्येक आवाज वेगळा ऐकू यायला लागला. भावजी पळून आले की नीट बसून खायचे. मी विचार केला, नुसतं पळून एवढी तरतरी, तर न खाता दुपारपर्यंत ताणलं तर काय होईल? अर्धवट काम मला जमत नाही.

त्या दिवशी मी पळून आल्यावर काहीच खाल्लं नव्हतं आणि भिंतीपलीकडे काचांची पेटी उतरवायची होती. केबिनमधून तिकडचं काही दिसत नाही, म्हणून भावजींना मी आणि मला पेटी दिसेल अशी कोपऱ्यावर उभी होते. तळहात खाली करून हात उतरवला की पेटी खाली. हात आडवा धरला की जागच्या जागी थांबायचं. रेडिओ आहे, पण गोंगाटात आमचा भरवसा हातावरच. वरच्याने तर्क लढवायचा नाही, हात म्हणेल तेच करायचं.

एक रंगारी आपला रंगाचा डबा उचलायला पेटीखाली वाकला. तो बाजूला होईपर्यंत मी हात आडवा धरून थांबले होते. तेवढ्यात पेटी खाली आली. तो कसाबसा मागे उडी मारून वाचला. डबा चपटा झाला आणि बिचारा गुडघ्यापर्यंत पांढराफटक होऊन उभा राहिला.

"मी हात हलवलाच नाही," मी साइट इंजिनियरला ठणकावून सांगितलं. माझा इशारा कधी चुकलेला नाही, हे सगळ्यांना माहीत आहे. त्याने भावजींना केबिनमधून उतरवलं आणि पुन्हा वर चढू द्यायचं की नाही, ते आज संध्याकाळी सांगतो म्हणाला.

भावजी भांडले असते तर बरं झालं असतं. ते एवढंच म्हणाले, "मला हात खाली येताना दिसला, वहिनी. पण तुम्ही नाही म्हणता, तर माझेच डोळे फिरले असतील. उपाशी पळण्याचं खूळ महागात पडलं." मला त्यांचा राग आला, आणि फार वाईटही वाटलं.

नर्सबाईंनी दोघांना बोलावलं. रक्तदाब बघितला आणि टेबलावरची मोजपट्टी उचलली. त्या वरून पट्टी सोडणार, आम्ही दोन बोटांत पकडायची. भावजींनी पकडली. मी त्यांच्याही आधी पकडली आणि विजयाने बघितलं. मग बाईंनी मधूनच नुसता हात झटकायचा, पट्टी सोडायचीच नाही, असं सुरू केलं. भावजींची बोटं हलली नाहीत. माझी प्रत्येक वेळी मिटली.

"तुम्ही सोडली होती," मी म्हटलं.

"नाही सोडली."

"अहो, मी बघितली ना सुटताना."

पट्टी बाईंच्या हातातच होती. भावजी खाली मान घालून बसले होते. पट्टी सुटली, हे मी शपथेवर सांगितलं असतं. आणि सकाळी माझा हात हलला नाही, हेही मी तसंच सांगितलं होतं.

मी उठले.

"वहिनी, कुठे निघालात? तोंड उतरलंय तुमचं," भावजी म्हणाले. "आधी दोन घास खाऊन घ्या."

"आधी इंजिनियरला सांगून येते, हात माझा होता म्हणून," मी म्हटलं. "पोटात अन्न गेलं की मला पुन्हा वाटायला लागेल, माझंच बरोबर होतं."