इंजिनातला दोष

रॉयसनं आपलं इंजिन बंद केलं, तेव्हाच डेल्मरला कळलं की आपली बायको ओपल गेली.

एप्रिल महिना होता, एव्हरग्लेड्स दलदलीचं पाणी पार आटलं होतं. डेल्मरची जुनी एअरबोट करवती गवताच्या उंचवट्यावर पोट टेकून बसली होती. या बोटीला ब्रेक नसतो आणि मागे जाणंही नसतं. पाठीमागचा विमानाचा पंखा ढकलेल तितकं पुढे जायचं. कोरड्यावर थांबली की रुतलीच. म्हणून अडकलेल्याला सोडवायला येणारा तिथे थांबत नाही. भोवती फेऱ्या मारून गवत आडवं करतो, चिखल उडवून जमीन ओली करतो आणि चालत्या बोटीतूनच दोर फेकतो. रॉयसचा तर जन्मच या दलदलीतला. त्यानं एकही फेरी मारली नाही. सरळ येऊन बोट शेजारी टेकवली आणि चावी फिरवून इंजिन बंद केलं, घाईचं काही उरलं नसल्यासारखं.

"कधी?" डेल्मरनं विचारलं.

"एकच्या सुमाराला. मार्ला जवळ होती." रॉयसनं टोपी काढली. ओपल त्याची थोरली बहीण. "आणि तू इथं काय करतोयस, म्हाताऱ्या? तिकडे सगळे तुला शोधतायत."

"इंजिन बंद पडलं," डेल्मर म्हणाला.

रॉयसची बोट हलकी होती. दोघांनी तीच कंबरेएवढ्या गवतात हलवून हलवून मोकळी केली आणि घरी आले. जुनी बोट तीन दिवस तिथेच राहिली.

ती बोट ओपलच्या वडिलांनी एकोणीसशे अठ्ठावन्न साली रात्रीचे बेडूक धरायला बांधली होती. अकरा वर्षांपूर्वी ती कोंबड्यांच्या खुराड्याखाली सापडली. तेव्हापासून दर रविवारी डेल्मर, ओपल आणि मुलगी मार्ला शेडमध्ये असायचे. ओपल रिव्हेट खरवडायची, मार्ला इंजिनाचं बघायची आणि डेल्मर दोघींच्या शिव्या खायचा. रंगावरून तर दोन वर्षं भांडण चाललं. बोट पुरी होत आली आणि ओपल अंथरुणाला खिळली.

त्या सकाळी तिनंच सांगितलं होतं, "घरासमोरच्या कालव्यातनं एक फेरी मार रे. मला बाबांचं इंजिन ऐकू दे."

अंत्यविधीनंतर पंधरा दिवसांनी मार्ला शेडमध्ये आली. बाह्या सरसावून म्हणाली, "डॅडी, ते बंद कसं पडलं? आधी खोकलं की एकदम गेलं?"

"एकदम."

"मग मॅग्नेटो असणार."

ठिणगी पाडणारा तो मॅग्नेटो उघडला. तो ठीक निघाला. मग कार्बुरेटर, मग पेट्रोलची नळी. रॉयसही येऊ लागला. ते दोघं वाद घालत, कॅटफिश तळून खात, परत वाद घालत. इंजिन बाकावर चालवून पाहिलं तर दोन-दोन तास चालायचं.

"लबाड आहे," रॉयस म्हणायचा. "आपण बघत असलो की गुणी बाळ."

डेल्मर स्पॅनर पुढे करायचा. एकदा त्यानं तोंड उघडलं होतं, पण तेवढ्यात मार्ला म्हणाली, "डॅडी, हा दोष सापडेपर्यंत मला झोप नाही. याच्यापायी तुम्ही आईजवळ नव्हता." त्यानं तोंड मिटलं. त्यानंतर रविवार जवळ आला की त्याला शनिवारीच जेवण जाईना.

डिसेंबरात रॉयसनं ट्रक मागे घेत घेत शेडच्या दाराशी लावला. ट्रकवर मोटारीचं मोठं इंजिन होतं.

"जानेवारीत जुन्या बोटींचा मेळा आहे," मार्ला म्हणाली. "मला माझ्या मुलांना आपल्या बोटीत बसवायचंय. पण भर दलदलीत दगा देणाऱ्या इंजिनावर नाही बसवणार. आजोबांचं इंजिन उद्या उत्तरेकडचा एक माणूस सुट्या भागांसाठी नेतोय."

"बाबांचं इंजिन द्यायला मलाही बरं वाटत नाही," रॉयस म्हणाला. "पण आठ महिने झाले. आणखी काय उघडायचं, माझं डोकं?"

"त्यात फार वेळ जाणार नाही, मामा. आत काही नाही."

हसत हसतच रॉयसनं जुन्या इंजिनाला साखळी लावली आणि ओढायला घेतली. ते बाकावरून दोन बोटं उचललं गेलं.

"इंजिनात काही नाहीये," डेल्मर म्हणाला.

"तेच तर म्हणतोय, काही सापडत नाही."

"नाही. काही नव्हतंच. मीच बंद केलं होतं."

साखळी थांबली.

"का?" मार्लानं विचारलं.

डेल्मरला उत्तर देताना तिच्याकडे बघवेना. "घरात ते ऑक्सिजनचं मशीन रात्रंदिवस चालू होतं. नऊ आठवडे. फेरी झाली, मग म्हटलं जरा पुढे जाऊन येऊ. तिथं... शांत होतं."

"पण कोरड्यावर?" रॉयसचा आवाज चढला. "कोरड्यावर चावी फिरवलीस तू? शेंबडं पोरगंसुद्धा असं करत नाही!"

"लक्षात राहिलं नाही."

"चाळीस वर्षं बोट हाकलीस, आणि लक्षात राहिलं नाही?"

"मामा, गप्प बस," मार्ला म्हणाली. मग बापाकडे वळली. "तिनं इंजिन ऐकलं होतं. खूश झाली होती. मग आवाज लांब गेला, तर मला विचारत राहिली, परत कसा येत नाही गं? मी म्हटलं, आत्ता येतील." तिनं हात पुसले, परत पुसले. "किती वेळ बसला होतात?"

"पाच मिनिटं. मग निघायला गेलो, तर बोट रुतली होती."

तिनं हातातलं फडकं बाकावर ठेवलं. मग म्हणाली, "मामा, साखळी सोड. हे इंजिन कुठं जात नाही."

रॉयस मोटारीचं इंजिन परत घेऊन गेला. मार्ला पुढच्या रविवारी आली, त्याच्या पुढच्याही. कामाचं तेवढं बोलते. मुलांना आणत नाही. मेळा येऊन गेला.

जुनं इंजिन अजून बाकावरच आहे, मॅग्नेटो वेगळा, नळ्या वेगळ्या. जोडायला दोन रविवार पुरतील, पण आधी कोणी हात घालत नाही. डेल्मर त्या दिवशी गवतात पाच मिनिटं नाही, सव्वा तास बसला होता, आणि तेवढ्या वेळात परत निघायला म्हणून त्यानं चावीला एकदाही हात लावला नव्हता. हे मार्लाला सांगायचं राहिलं आहे.