बुरुजावरून दिसणारी झाडं

पहिल्या महायुद्धात गावची सतरा पोरं गेली. त्यांच्या आठवणीसाठी १९२५ साली चेक देशात, मोरावियातल्या आमच्या टेकडीवर सोळा मीटर उंच बुरूज बांधला. वर चढायचं, दरी बघायची, मेलेल्यांची आठवण काढायची. साधा कार्यक्रम. १९६२ साली माझ्या वडिलांनी तो बिघडवला. गावच्या गिर्यारोहण मंडळाचा सभासद वारला की बुरुजाशेजारी त्याच्या नावाचं स्प्रूसचं, म्हणजे उंच वाढणारं सूचीपर्णी झाड लावायचं, असा ठराव त्यांनी मांडला. सभासद वेळच्या वेळी वारत गेले. आज एकतीस झाडं आहेत आणि बुरुजावरून ती एकतीस झाडं दिसतात.

यंदा जिल्ह्याचं पत्र आलं: एका तरी बाजूनं दरी दिसली पाहिजे, नाहीतर वसंतापासून बुरुजाला कुलूप. बुरूज उघडणाऱ्या बोहुमिलाबाई तेवीस वर्षं शनिवार-रविवार तिथंच असतात. घरी त्यांना कुणी नाही.

मंडळाचा इतिहास मी लिहितोय, म्हणून घरोघरी जाऊन झाड तोडायची परवानगी मागायचं काम माझ्याकडे आलं.

"आमच्या बाबांचं तोडायचं? शेजारच्यांचं तोडा ना, ते कधी वर्गणीसुद्धा देत नव्हते!"

"आईचं झाड? बिअर घ्या आणि निघा."

तीन आठवडे हेच. शेवटी बोहुमिलाबाई दुर्बीण घेऊन वर गेल्या आणि खाली येऊन म्हणाल्या, "दरीच्या आड एकच झाड येतंय. चौदा नंबर."

चौदा नंबर म्हणजे माझे वडील.

सभेत सगळ्यांचे हात वर झाले. एवढ्या एकमतानं इथं कधी बिअरसुद्धा मागवली गेली नव्हती.

"तुमचा अभ्यास आहे, तुम्हाला कळतं," अध्यक्ष ह्रादिल म्हणाले.

मला काहीच कळत नव्हतं. दोन दिवस मी कुणाचा फोन घेतला नाही. तिसऱ्या दिवशी बोहुमिलाबाई दारात आल्या. बुरुजाची किल्ली त्यांनी माझ्यापुढे धरली. मी हो म्हणालो.

शनिवारी वडील आडवे झाले. ह्रादिल, बोहुमिलाबाई आणि मी धापा टाकत बुरुजावर गेलो. समोर दरी नाहीच, बावीस नंबरचं झाड, वडिलांच्या मागे इतकी वर्षं लपलेलं. ह्रादिल यांच्या सासूबाई.

"हे नाही हं तोडायचं," ते घाईनं म्हणाले. "घरात मला राहायचंय."

"आणि मी कुठं राहायचं?" बोहुमिलाबाईंनी विचारलं. मग त्यांनी कठड्यावरून खाली बघितलं. "चला अध्यक्षसाहेब, करवत अजून गरम आहे."