शिक्क्याचा झाकलेला अर्धा भाग

मंगळवार, १४ मार्च २०२३, सकाळचे दहा चाळीस; काउंटरवर एकाच औषधाची अकरा खोकी. माझ्या धाकट्या बहिणीच्या औषधांच्या दुकानात तपासनीस आले होते आणि अकरांपैकी एकाही खोक्याचा शिक्का रंग बदलत नव्हता.

हा पांढरा गोल शिक्का खास शाईने छापतात. त्यावर अल्ट्राव्हायोलेट दिवा धरला की तो जांभळा होतो, दिवा काढला की पुन्हा पांढरा. नकली माल करणाऱ्यांना ही शाई सहसा साधत नाही. सगळी खोकी बनावट ठरली तर परवाना रद्द होईल, असे तपासनिसांनी शांतपणे सांगितले. तेव्हा बहिणीने मला बोलावून घेतले. छापखान्याच्या शाई विभागात मी एकतीस वर्षे काढली आहेत.

मी खोक्यांच्या आधी फळी पाहिली. ती पश्चिमेच्या खिडकीसमोर होती आणि माल तिथे सात महिने पडून होता. ही शाई उन्हात सतत रंगत राहिली की थकते, ती कायमचीच. मी तसे सांगितले. पण सख्ख्या भावाच्या सांगण्यावर कोण विश्वास ठेवणार?

मग किमतीच्या चिठ्ठ्या दिसल्या. प्रत्येक चिठ्ठी वाकडी, अर्ध्या शिक्क्यावर चढलेली.

"तुझ्या हातून आजवर एक चिठ्ठी सरळ लागली नाही," मी म्हणालो.

"आत्ता तरी राहू दे ना, दादा."

पहिली चिठ्ठी मी तपासनिसांनाच सोलायला लावली. दिव्याखाली झाकलेला अर्धा भाग जांभळा झाला, उघडा अर्धा पांढराच राहिला. पुढच्या नऊ खोक्यांचेही तसेच झाले. खात्री पटली म्हणत तपासनिसांनी दिवा विझवला. मी अकरावे खोके पुढे सरकवले.

बहीण हळूच म्हणाली, "पटलंय त्यांना. पुरे आता."

"यातली गोळी कुणीतरी गिळणार आहे."

तिने चिठ्ठी स्वतःच सोलली. दोन्ही अर्धे पांढरे. आधीचा माल संपला तेव्हा हे खोके शेजारच्या दुकानातून पावतीशिवाय उसने आणले होते, हेही तिने आपणहून सांगितले. तपासनिसांनी ते लिहून घेतले आणि औषधे उन्हात ठेवल्याबद्दल तिची वेगळी कानउघाडणी केली.

खरी दहा, बनावट एक, विकण्याजोगे शून्य; परवाना कायम, दुकान तीन दिवस बंद.