ऐनाखालचे दगड

तिसऱ्या दिवशी दुपारी ऐनाच्या झाडाखाली अकरा दगड होते. नियमाप्रमाणे तिथे पाच असायला हवे होते.

नियम असा होता. उपवास करणाऱ्याने जंगलात एकटे राहायचे. तीन दिवस अन्न नाही, माणूस नाही, घड्याळ नाही. ओढ्याचे पाणी हवे तेवढे. रोज सकाळी ठरलेल्या झाडाखाली येऊन त्याने एक दगड ठेवायचा आणि परत जायचे. दुपारी त्याच्या जोडीदाराने येऊन तो दगड पाहायचा आणि शेजारी आपला एक ठेवायचा. दोघांनी भेटायचे नाही. सकाळचा दगड नसेल, तरच जोडीदाराने आत शोधायला जायचे. दगड असताना गेला, तर उपवास मोडला. दगड जास्त झाले तर काय करावे, याविषयी नियमात काही नव्हते.

उपवास करणारी माझी मुलगी विशाखा होती आणि जोडीदार मी.

ही पद्धत श्रावण मेश्राम या माझ्या जुन्या विद्यार्थ्याने परदेशातून आणली होती. तिकडे म्हणे तरुण मुलांना मोठे झाल्याची खूण म्हणून असे एकटे पाठवतात. त्याने पोंभुर्ण्याच्या पुढे, जंगलाच्या कडेच्या एका गावातल्या शाळेत शिबिर भरवले आणि या प्रकाराला ‘एकांतव्रत’ असे नाव दिले. आमच्या घरातली व्रते छप्पन साली, धम्मदीक्षेबरोबर संपली. वडिलांनी देव्हाऱ्यातले देव वैनगंगेत सोडले, तेव्हा टोपली मी धरली होती. मी गडचिरोलीच्या महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवतो. तीन दिवस पोटात अन्न नसले की यकृतातली साखर संपते, चरबी जळू लागते आणि तोंडाला पिकून उतरलेल्या फळासारखा वास येतो. यातून माणूस प्रौढ होतो, असा पुरावा माझ्या वाचनात नव्हता.

विशाखाचे म्हणणे वेगळे होते. परिचारिकेचे शिक्षण पूर्ण करून तिने सिरोंच्याच्या पलीकडच्या एका उपकेंद्रावर नेमणूक मागितली होती. तिथे तिला एकटीने राहावे लागणार होते. माझा विरोध होता.

“बाबा, मी तीन दिवस जंगलात एकटी राह्यली, तं तुमी मले आडवणार नाई. कबूल?”

“आणि मध्येच परत आलीस तर?”

“तं अर्ज मागं घेते.”

“दोघं बी सारखेच हेकट,” माझी पत्नी वच्छला म्हणाली. “आता मी डबा कोनाले बांधू?”

दगडांवर रंगाने खुणा करू, असे मी श्रावणला सुचवले होते. “सर, हे प्रयोगशाळा नाई,” असे म्हणून तो हसला.

पहिल्या दिवशी सर्व ठीक होते. दुसऱ्या दिवशी एक दगड जास्त दिसला. उपाशी माणसाची स्मरणशक्ती ढिली पडते, तिने चुकून दोन ठेवले असतील, असा अर्थ मी लावला. स्पष्टीकरण सोयीचे होते, म्हणून तपासले नाही. तिसऱ्या दिवशी ते मोडीत निघाले.

काल जास्तीचा एक आणि माझा धरून पाच झाले होते. म्हणजे सहा नवे. ती मदतीला बोलावत असेल, तर तशी खूण ठरलेली नव्हती. कोणी तिऱ्हाईत तिथे वावरत असेल, तर तो कोण? आणि सहाच्या सहा दगड तिऱ्हाइताचे असतील, तर विशाखा आज आलीच नव्हती. दगडांवरून काहीच ठरत नव्हते. सगळे त्याच वाटेवरचे तांबडे दगड. परीक्षानळीत बाहेरचे द्रव्य पडले की तिच्यातला निकाल फेकून द्यावा लागतो. या भागात अस्वले आहेत, वाघ आहे, आणि तीन दिवसांची उपाशी मुलगी ओढ्याच्या काठी चक्कर येऊन पडू शकते.

आत जावे, असे मला वाटत होते. अडचण अशी की आत जाणे मला सोयीचे होते. दगड ठेवून गेलेली मुलगी आत सुखरूप सापडली असती, तर उपवास मोडला असता, अर्ज मागे गेला असता, आणि बापाने हे मुद्दाम केले असे तिने जन्मभर मानले असते. ज्या निष्कर्षात आपला फायदा असतो, तो दोनदा तपासावा, असे मी मुलांना शिकवतो. मी दोनदा तपासला. मुलगी धड आहे की नाही, हे कळण्यासाठी तिचा राग ओढवून घेणे परवडण्यासारखे होते. मी काठी उचलली.

तेवढ्यात पोंभुर्ण्याच्या बाजूने दोन बाया आल्या. डोक्यावर बाजाराच्या टोपल्या. पुढची वयस्क होती.

“सरका भाऊ थोडं,” ती म्हणाली. वाटेवरचा एक दगड उचलून तिने ढिगावर ठेवला आणि कपाळाला हात लावला. मागचीनेही तेच केले.

“तुम्ही दगड का ठेवलात?”

“म्हंजे? वाटेवरल्या देवाले दगड द्या लागते. नाई देल्ला तं वाघ आडवा येते.”

“इथे देव आहे, हे तुम्हाला कोणी सांगितले?”

मागची हसली. “घ्या, गिरजाबाई. हे तुमालेच इचारून राह्यले.”

“तुमीच तं बसवला,” गिरजाबाई मला म्हणाल्या. “परवा मी सरपण घेऊन येऊन राह्यली होती. तुमी आले, चपला काढल्या, वाकून दगड ठेवला, अन् मान खाली घालून किती येळ बसले. म्या म्हनलं, चष्मेवाला मानूस हाये, शिकलेला हाये, उगाच नाई बसत. तुमी गेल्यावर म्या बी एक ठेवला.”

चपलेत काटा शिरला होता. मान खाली घालून मी तो काढत होतो.

“आणि आजचे?”

“आज बाजार नाई का? गावात साऱ्याईले सांगतलं. वाटेवर नवा देव, अन् लोकं तसेच जातीन? नाव काय म्हने देवाचं? बायनाबाई सकाळपासून इचारून राह्यली.”

नावाचा प्रश्न मी बाजूला ठेवला. “इथे एक मुलगी दिसली का तुम्हाला?”

“ते निळ्या शालीची?” मागच्या बायनाबाई म्हणाल्या. “दिसली ना, जाताना. तिनं बी दगड ठेवला. जेवली का बाई म्हनलं, तं मानेनंच नाई म्हने. मुकी हाये वाटते.”

“जाताना म्हणजे आज?”

“आजच तं बाजार हाये, भाऊ.”

“चालताना तोल जात होता का?”

“तोल? चांगली टनटन गेली ओढ्याकडं. काऊन, तुमची कोन हाये?”

“मुलगी.”

दोघींनी एकमेकींकडे पाहिले. “पोरीसाठी देव मांडला बापानं,” गिरजाबाई हलक्या आवाजात म्हणाल्या, आणि मग मला, “बोलन भाऊ, एक दिवस बोलन ते पोरगी. तुमी दगड देत राहा.”

मी काठी झाडाला टेकवली. हा देव नाही, ही फक्त मोजदाद आहे, असे मी त्यांना समजावून सांगितले.

“असन,” गिरजाबाई म्हणाल्या. “पन वाकले तं तुमीच ना.”

त्या गेल्यावर मी माझा दगड ठेवला आणि शाळेकडे परतलो. आत गेलो नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी विशाखा स्वतःच्या पायांनी बाहेर आली. ओठ सुकलेले, तोंडाला अपेक्षित वास. वच्छलाने भाताची पेज आणली होती. पहिला घोट घेऊन विशाखा म्हणाली, “बाबा, एवढे दगड काऊन ठेवले? मले वाटलं तुमाले लय भीती वाटून राह्यली. म्हनून काल मी दोन ठेवनार होती, तुमी शांत व्हावं म्हनून.”

ते तिने केले नाही, याबद्दल मी आभार मानले आणि घडलेले सांगितले. ती पोट धरून हसली. “हासवू नका ना बाबा, पोटात काही नाई.”

“मामंजींनी वैनगंगेत सोडले,” वच्छला पेज ढवळत म्हणाली, “अन् लेकानं जंगलात बसवले.”

सिरोंच्याची बस केव्हा सुटते, हे मी श्रावणला विचारले. विशाखाने वर पाहिले. मग पुन्हा पेज पिऊ लागली.

अकरा दगडांपैकी तीन विशाखाचे होते, दोन माझे आणि सहा वाटसरूंचे. ते झाड बाजाराच्या वाटेवर होते. माझे वाकणे आणि बसणे गिरजाबाईंना पूजा वाटले. आणि तिसरा दिवस बाजाराचा होता.