क्रूसाभोवतीचा फेर

"पाळकसाहेब, फेर धरला की देवाकडं पाठ होते, मंग देवाला राग येतो काय?"

रविनाने विचारलं आणि आटगावजवळच्या त्या छोट्या प्रार्थनाघरात सगळे तिच्याकडे वळून बघू लागले! "विचारून दाखव, हिंमत असंल तर!" अशी पैज लावणारी तिची मैत्रीण कुणाली मात्र मान खाली घालून बसली.

पण रविनाला आता पैजेचं काय! तिची आई जिवली महिनाभर इथे फिरकली नव्हती. वाडीतल्या बायका आपल्या बोलीत, टाळ्यांवर, गोल फिरत येशूची गाणी गायच्या. फेरात कुणाची तरी पाठ क्रूसाकडे होणारच. मंडळीच्या बैठकीत ठरलं, हा अपमान! नाताळला फक्त गिटार आणि पुस्तकातली गीतं. पहिला हात वर कुणाचा? तिच्या बाबांचा, जगनचा!

तेव्हापासून जिवली घरातही गुणगुणत नव्हती. "माजी बोली देवाला चालत नाय, तर मी काय मागू?" म्हणायची आणि भिंतीकडे तोंड करून पडायची. आई अशीच विझून जाणार, या भीतीनेच रविना आज उभी राहिली होती.

"बस गो खाली! लाज आणतेस!" जगन ओरडला.

तेवढ्यात काठी टेकत सकुबाई उठली. वाडीतल्या बायकांपैकी ती एकटीच अजून येत होती.

"जगन्या, तू तापानं फणफणलास तवा तुज्या आयेनं नि मी फेर धरूनच देवाला हाक मारली. तवा नाय दिसली पाठ? हा क्रूस भितीला कोनी ठोकला?"

"मीच."

"मंग काढ की! मधी उभा कर. बघू कोनाची पाठ होते! आनि देवाला काय एकच कान हाय? पोरांची गिटारबी वाजू दे, आमच्या टाळ्याबी."

पाळकांनी हात जोडले. "सकुबाई, आम्हाला हे सुचलं कसं नाही!"

 जगन उठला आणि क्रूस भिंतीवरून उतरवू लागला.

घरी जिवली तशीच पडलेली. "जिवले, चुकलो गो मी," जगन दारातूनच म्हणाला. तिने चादर डोक्यावर ओढून घेतली.

मित्रांनो, आपलीच रीत तेवढी भक्ती असं म्हणालो, तर कुणाच्या तरी घरात प्रार्थना मुकी होते. देवापुढे सगळ्या बोलींना जागा आहे. ती अडवतो आपण!

रविना दोघांच्या मधे उभी राहिली. "बाबा, आये, ऐका! नाताळला मी गिटारवर गाणार आनि मंग फेरातबी उतरणार. फेरातलं पयलं गाणं मीच उचलणार. मला अर्धंच येतं. आये, पुढचं तू नाय गायलीस तर मी तितंच थांबणार, सगळ्यांसमोर!"