सात रिकामे ओटे

बंदराजवळचा मासळी बाजार नव्याने बांधायचा होता आणि त्याचा आराखडा करायचं काम आमच्या रत्नागिरीतल्या छोट्या ऑफिसकडे आलं. मासळी विकणाऱ्या बायकांच्या सोयीचंच सगळं हवं, ही त्यांच्या संस्थेची अट. मी राही, वीस वर्षं हेच काम करतेय. लोकांचं कसं ऐकावं हे मला कोणी शिकवू नये, असा माझा ताठा होता.

या वेळी मदतीला एआय होता. मी घेतलेल्या मुलाखती आणि बाजारातल्या कॅमेऱ्याचं तीन आठवड्यांचं चित्रण त्याला दिलं. ज्या कामाला मला महिना लागला असता ते त्याने जेवणाच्या सुट्टीआधी उरकलं. ओट्याची उंची, पाण्याचा उतार, बर्फाची जागा, सगळं नेटकं. ओटे पस्तीस. जुन्या बाजारात बेचाळीस होते, पण रोज सात रिकामे दिसायचे. जागा वाचली म्हणून आमचा मालक ऋत्विक खूश झाला. आराखडा संस्थेकडे गेलासुद्धा.

आठवड्याने काही मापं तपासायला बाजारात गेले आणि पाय दुखले म्हणून एका रिकाम्या ओट्यावर टेकले. शेजारची सावित्री सुरमई कापता कापता म्हणाली, "गो बाय, तिथं नको बसू. कौसरची जागा हाय ती."

"पण इथं कधीच कोणी नसतं."

"नवरा गेला तिचा. इद्दतीत हाय. चार महिने दहा दिस घराभाईर पडायची नाय. तिच्या वाट्याची मासळी मीच इकते."

मग तिने बाकीचे रिकामे ओटे दाखवले. एकीची लेक बाळंत झालेली, एक तापाने पडलेली, एक हर्ण्याला माहेरी. जी येत नाही तिची मासळी शेजारीण विकते, आणि तिच्या ओट्यावर दुसरी कोणी बसत नाही. ही इथली रीत.

"मग मुलाखतीत मला हे सांगितलं का नाहीत?"

"तू किती जणी ते इचारलंस. बेचाळीस म्हनून सांगितलं की."

ऑफिसात येऊन मी जुनी नोंद उघडली. एआयने माझ्यासमोर चक्क प्रश्न ठेवला होता: सावित्रीबाई बेचाळीस जणी सांगतात, चित्रणात रोज पस्तीसच दिसतात. फरकाचं कारण मला कळत नाही, त्यांना विचारून घ्यावं. त्याखाली माझं उत्तर होतं: बाई अंदाजे बोलतात, पस्तीस धर. माझी मलाच लाज वाटली.

"मशीनची चूक झाली म्हणून कळवू," ऋत्विक म्हणाला. "लोक लगेच समजून घेतात."

म्हणजे चोर सोडून संन्याशाला फाशी. मी संस्थेला माझ्याच नावाने पत्र लिहिलं. बेचाळीस ओटे मंजूर झाले. पुढच्या बाजाराचं काम मात्र त्यांनी दुसऱ्या ऑफिसला दिलं, आणि ऋत्विक माझ्याशी कामापुरतंच बोलायला लागला.

नवा नकाशा घेऊन मी कौसरच्या घरी गेले. तिची जागा गेल्याची बातमी तिच्यापर्यंत आधीच पोचली होती. मी सगळं सांगितलं, पस्तीस मीच लिहिलं हेसुद्धा. ती शिव्या देईल असं वाटलं होतं. दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

"नवरा गेला तवा सगळी म्हनाली, आता बाजारात कशाला, दिराकडं ऱ्हा," ती म्हणाली. "मी म्हटलं, माजी जागा हाय. दीर मंग गप ऱ्हायला. गेल्या आठवड्यात तोच येऊन सांगून गेला, आता जागा पन नाय तुजी."

मी नकाशा तिच्यासमोर पसरला. तिने सावित्रीचा ओटा कुठला ते विचारलं, त्याच्या शेजारच्या चौकोनावर बोट ठेवलं आणि माझ्याकडे बघितलं.

"हितं माजं नाव लिव," ती म्हणाली. "माज्यासमोर लिव."

तिचं बोट बाजूला होईपर्यंत मी थांबले, मग लिहिलं.